चिखलावर पूल कसा उभा राहतो? माहीमच्या खाडीवरची एक सकाळ

मागच्या हिवाळ्यात पौर्णिमेनंतरची द्वितीया रविवारी आली, आणि मी भाचीला सकाळी सहालाच उठवलं. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला एक जुना पूल पाहायचा होता. मी माहीम कॉजवे निवडला होता, आणि तो पाहायचा तर ओहोटीला. द्वितीयेला ओहोटी कधी, हे कळायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास बारा मिनिटं, सव्वासातच्या सुमारास, पूर्ण ओहोटी.

"असं कसं जमतं, मावशी?" हा तिचा दिवसातला पहिला प्रश्न. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग पुढे सरकते. तीस तिथींमध्ये भरतीची वेळ चोवीस तासांचं चक्र पूर्ण करते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास धरला तर तिथीमागे तीनच मिनिटांची चूक होते. पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तासावर जाते, पण तोवर अमावस्या किंवा पौर्णिमा येऊन हिशेब पुन्हा बाराला जुळतो. शिवाय सर्वांत मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. द्वितीया निवडली ती त्यासाठीच. पाणी सर्वांत खाली गेलेलं आणि सर्वांत वर चढलेलं, दोन्ही एकाच दिवशी पाहायचं होतं.

कॉजवेवर पोचलो तेव्हा खाडी जवळजवळ रिकामी होती. काळा, चमकणारा चिखल, मधून पाण्याची एक अरुंद धार, कडेला तिवरांची वर आलेली श्वासमुळं, आणि तो ओळखीचा वास. चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वास निदान काही अंशी खाडीचा स्वतःचा आहे. बाकीचा आपण घातलेला, आणि या खाडीत येणाऱ्या मिठी नदीकडे पाहताना त्याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

हा चिखलच या गोष्टीचा नायक आहे. १८४५च्या आधी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये रस्ता नव्हता. इकडे मुंबई बेट, तिकडे साष्टी, मध्ये ही खाडी. लोक होडीने जात आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. रस्ता करायला सरकारकडे पैसा नव्हता. मुंबईतले दानशूर पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या वाटेवर कधीही पथकर घ्यायचा नाही. माहीमला ज्याला आपण एल. जे. रोड म्हणतो तो ‘लेडी जमशेटजी’ रस्ता त्यांच्याच नावाचा. रोज लाखो माणसं ते नाव उच्चारतात, फक्त आद्याक्षरांत.

पण चिखलात रस्ता करायचा कसा? दगड टाकला तर रुततो. आणखी टाकला तर तोही रुततो. भाचीला मी चक्क्याचं उदाहरण दिलं. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की पाणी निथळतं आणि उरतो तो घट्ट चक्का. समुद्री चिखलाचं तसंच असतं. त्याचे कण अतिशय बारीक आणि त्यांच्यामध्ये भरपूर पाणी. भराव टाकला की सुरुवातीला सगळा भार त्या पाण्यावरच येतो. पाणी दबत नाही, त्यामुळे चिखल पातळच राहतो आणि बाजूला सरकतो. मग हळूहळू पाणी निघून जातं, कण एकमेकांना टेकतात, आणि चिखल भार पेलू लागतो. फरक एवढाच की चक्का रात्रभरात होतो. जाड चिखलाला वर्षं लागतात. थराची जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण पाण्याला बाहेर पडायचं अंतरही वाढलेलं असतं आणि पाणी ढकलणारा दाबाचा उतारही कमी झालेला असतो.

हे गणित कार्ल टर्झाघी या अभियंत्याने १९२५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. म्हणजे कॉजवे बांधणाऱ्यांकडे ते नव्हतं. त्यांच्याकडे दगड होता, मजूर होते आणि भराव खचला की पुन्हा भर घालण्याची चिकाटी होती. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. सिद्धान्त यायच्या ऐंशी वर्षं आधी घातलेल्या वाटेवरून आज बेस्टच्या बसगाड्या जातात.

कॉजवे म्हणजे खरं तर बांध. पाण्यासाठी मध्ये वाट ठेवलेली असते, बाकी खाडी बुजवलेली. इथे एक सोपं पण महत्त्वाचं गणित आहे. तेवढंच पाणी अरुंद वाटेतून न्यायचं तर ते वेगाने गेलं पाहिजे. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर होतं तसं. पण हा वेग फुकट मिळत नाही. त्यासाठी पाण्याला वरच्या बाजूला तुंबून उंची गाठावी लागते. सेकंदाला १ मीटर वेगासाठी सुमारे ५ सेंटीमीटर, २ मीटरसाठी २०, ३ मीटरसाठी ४५. वेग दुप्पट तर तुंबणं चौपट. पुलाखालची वाट थोडी अरुंद केली तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि मग अचानक खूप जाणवतं, ते या चौपटीमुळे.

रेल्वेचा पूल मात्र निराळ्या विचाराने उभा राहिला. तो कॉजवेपेक्षा थोडा आत, मिठीच्या वरच्या अंगाला आहे. पार्ल्याहून येताना वांद्र्यानंतर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो, तो हाच. या पुलाच्या एका भागाला खालून आधार होता तो बिडाच्या स्क्रूंचा, आणि हे स्क्रू १८८८ मधले होते. खरोखरचे स्क्रू: सुमारे दोन फूट व्यासाचे पोकळ बिडाचे खांब आणि त्यांच्या खालच्या टोकाला मळसूत्री पातं. गिरमिटाने लाकडाला भोक पाडतात तसा हा खांब चिखलात पिळत पिळत उतरवायचा. वर आडवे दांडे लावायचे आणि माणसांच्या किंवा बैलांच्या बळावर तो फिरवायचा.

ही कल्पना अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याची. त्यांची दृष्टी ऐन तरुणपणी गेली होती. १८३३ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि १८३८ मध्ये थेम्स नदीच्या मुखाशी, सतत सरकणाऱ्या वाळूवर, दीपगृहासाठी असे स्क्रू रोवले. आपल्याकडे मुंबई-बडोदा मार्ग घालताना एकामागून एक खाड्या आणि नद्या आडव्या आल्या, तेव्हा बी. बी. अँड सी. आय., म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने हीच पद्धत उचलली.

स्क्रू चिखलात उभा का राहतो? जुहूच्या ओल्या वाळूवर उभं राहून पाहा. टाच रोवली तर रुतते, पाऊल सपाट ठेवलं तर तितकं रुतत नाही. वजन तेच, पण पसरलेलं. मळसूत्री पात्याचा व्यास खांबाच्या दुप्पट असेल तर टेकायला मिळणारं क्षेत्रफळ चौपट होतं. शिवाय हे पातं चिखलाच्या खोल, जुन्या, वरच्या थरांच्या भाराने आधीच घट्ट झालेल्या भागात जाऊन बसतं. वर ओढायला गेलं तर पात्यावरचा सगळा चिखल त्याला धरून ठेवतो. पाणी उपसून खड्डा कोरडा करायची गरज नाही, बांध घालायची गरज नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की बारीक खांबांच्या मधून पाणी आपल्या वाटेने जातं.

अर्थात तेही पूर्ण निर्वेध नसतं. लाट परतताना आपल्या टाचांखालची वाळू निघून जाते आणि तोल जातो, हे चौपाटीवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुलाच्या खांबाचं तेच होतं. खांबावर आदळलेलं पाणी खाली वळतं, तळाशी भोवरा करतं आणि खांबाच्या पायथ्याची माती उचलून नेतं. नदीवरचे कितीतरी पूल भाराने नाही, या पोखरण्याने पडतात. पूल तपासताना वरच्या गर्डरइतकंच पाण्याखालच्या तळाकडे लक्ष द्यावं लागतं.

आणि मग बीड. घरातला बिडाचा तवा आठवा. दाबाला जबरदस्त, पण हातातून पडला तर तडकतो. चिखलात उभ्या स्क्रूवर मुख्यतः दाबच येतो, म्हणून बीड तिथे शोभतं. खाऱ्या पाण्यात मात्र त्याला एक विचित्र आजार होतो. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. खारं पाणी त्यातलं लोखंड हळूहळू विरघळवून नेतं आणि ग्राफाइटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. बाहेरून आकार तसाच, जाडी तशीच, पण चाकूने खरवडता येईल इतका मऊ. डोळ्यांना काही कळत नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोकलचा भार घेतल्यावर हे स्क्रू निवृत्त झाले: जानेवारी २०२५ मध्ये रात्रीचे मोठे ब्लॉक घेऊन पश्चिम रेल्वेने तिथे नवं काम केलं. त्या रात्री गाड्या रद्द म्हणून चडफडलेल्यांमध्ये आमच्या घरचेही होते. खाली काय बदलत होतं हे तेव्हा कळलं असतं, तर मी पाहायला गेले असते.

चालत वांद्र्याला पोचलो, किल्ल्यावर चढलो. समोर सागरी सेतू. लोकांसाठी २००९ मध्ये खुला झालेला, ५.६ किलोमीटर लांब. त्यावर पायी जाता येत नाही, त्यामुळे तो पाहायला वांद्र्याचा किल्ला उत्तम. इथे चिखलाशी वाटाघाट नाहीच. चिखल भेदून खालचा बेसाल्ट आणि त्याचे ज्वालामुखीय भाऊबंद गाठायचे, खडकात भोक पाडायचं, त्यात काँक्रीटचा खांब ओतायचा. मुंबईचा खडक सरळ रेषेत नाही. कुठे तो भक्कम, तर कुठे कुजून भुसभुशीत झालेला, म्हणून इथल्या खांबांची खोली ६ मीटरपासून ३४ मीटरपर्यंत बदलते. वांद्र्याच्या बाजूला १२८ मीटर उंच मनोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना २५० मीटरचे दोन गाळे. मनोऱ्यापासून निघालेल्या केबल रस्त्याला वर ओढून धरतात, म्हणून तेवढ्या अंतरात पाण्यात एकही खांब नाही.

दोन खांबांमधलं अंतर हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. कोस्टल रोडच्या वरळीकडच्या टोकाला दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. क्लीव्हलँड बंदरातून होड्या घेऊन जाणाऱ्या वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं की वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून नाव नेणं धोक्याचं आहे. त्यांनी आंदोलन केलं आणि अंतर १२० मीटर झालं. पुलाखालून रोज जाणाऱ्याला पूल अधिक कळतो, असं माझं मत आहे.

परत कॉजवेवर आलो तेव्हा सव्वा वाजला होता. सकाळचा चिखल गायब. तिवरांची श्वासमुळं बुडालेली, पाणी कठड्याच्या दगडांना लागलेलं. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर, मुंबईत उधाणाला चार-साडेचार, आणि भावनगरला दहाच्या आसपास. खंभातच्या आखाताकडे जाताना समुद्रतळ उथळ आणि रुंद होतो, आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं, आणि भरतीची लाट चढत जाते. आपण त्या नरसाळ्याच्या तोंडाशी राहतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दुपारी भरतीही होती. वरून येणाऱ्या मिठीला खाली जायला उतारच उरला नाही. चौपटीचं गणित तेव्हा दोन्हीकडून लागू झालं: पाणी प्रचंड आणि वाट अरुंद. मिठीकाठची खारफुटी, जिथे पूर्वी जादा पाणी पसरून थांबायचं, ती वांद्रे-कुर्ला संकुलासाठी आणि इतर भरावांसाठी बरीच बुजवलेली होती. नंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या पुराचा अभ्यास केला, आणि नदीचं पात्र रुंद व खोल करण्याचं काम सुरू झालं. आवाबाईंच्या काळात मिठीवर विहारचं धरणही नव्हतं, ते १८६० चं. ज्या खाडीवर त्यांनी वाट बांधली, तिला मिळणारी नदीच वेगळी होती.

कठड्यापाशी उभं राहून आम्ही झेंडूच्या फुलांचं एक निर्माल्य पाहत होतो. ते समुद्राकडे जात नव्हतं. पुलाखालून आत, धारावीच्या दिशेने चाललं होतं, हळू, अजून हळू. एक चाळीसला ते थांबलं. भाचीने वहीत वेळ लिहिली आणि खाली कंसात ‘तिथी × पाऊण, दहा मिनिटं चूक’ असं टिपलं. मग फुलं जागच्या जागी एकदा फिरली आणि पुलाकडे परत यायला लागली.