दोघं जण गाडीवर मेळघाटात चालले? आधी हे वाचा

नमस्कार भाऊ, नमस्कार वहिनी.

पाऊस लागला की आमच्या परतवाड्याच्या गॅरेजवर जोड्यांची रांग लागते, कोणी अमरावतीहून, कोणी दर्यापूरहून, कोणी मोर्शीहून, आणि सगळ्यांचं एकच, "भाऊ, चिखलदऱ्याले चाललो, गाडी पाहून द्या जरा." आम्ही पाहून देतो, पण गाडी पाहता पाहता सगळं सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला. गॅरेज आम्ही नवरा-बायको मिळून चालवतो. लग्नानंतरची पहिली लांबची ट्रिप आम्ही शंभर सीसीच्या गाडीवर याच रस्त्यानं केली होती, तीन दिवस, आणि खाली लिहिलेलं बरंच काही तेव्हाच शिकलो.

पहिली गोष्ट ही की एकट्याची गाडी आणि दोघांची गाडी वेगळी. ब्रेक वेगळा लागते, हवा वेगळी लागते, वळणही वेगळं घेते. सपाटीवर हे कळत नाही, घाटात कळते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंच आहे, आणि आपलं परतवाडा-अचलपूर पावणेचारशेच्या आतबाहेर. म्हणजे उतरतानी साडेसातशे मीटर खाली यायचं, गाडी, दोन माणसं, बॅग धरून अडीचशे किलोच्या जवळपास वजन घेऊन. एवढ्या वजनाचा जोर कुठंतरी जिरलाच पाहिजे, आणि तुम्ही नुसता पायाचा ब्रेक दाबून बसले तर तो सगळा मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जिरते. आमचं तेच झालं होतं. धामणगाव गढीच्या बाजूनं उतरत होतो, मी सारखा पाय ब्रेकवर ठेवून, आणि मागून ही म्हणाली की काहीतरी जळल्यासारखा वास येऊन राहिला. मी म्हटलं कुणाच्या शेतात पालापाचोळा पेटवला असेल. दोन वळणं झाली अन् पॅडल खाली गेलं, ब्रेक लागेच ना. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, तापले की त्यांची पकड जाते, ड्रमही तापून फुगते म्हणून पॅडल आणखी खाली जाते. पुढचा ब्रेक आणि पहिला गिअर यावर कशीबशी गाडी कडेला घेतली. वास आला तेव्हाच हिचं ऐकायला पाहिजे होतं.

म्हणून सांगतो, ज्या गिअरमध्ये घाट चढले त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा किंवा तिसरा टाका, इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवते, ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही मिळून. न्यूट्रल करून किंवा गाडी बंद करून उतरू नका. पेट्रोल वाचते म्हणून बरेच जण असं करतात, पण 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांमध्ये पेट्रोलचं इंजेक्शन आहे, अॅक्सिलेटर सोडून गिअरमध्ये उतरतानी ते पेट्रोल तसंही तोडते, म्हणजे वाचत काहीच नाही, फक्त इंजिनचा आधार जाते. आणि ब्रेक तापलाच तर थांबा, अर्धा तास सावलीत गाडी उभी करा, पण गरम ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी टाकू नका, धातू वाकडा होतो किंवा तडकतो. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं ब्रेक ऑइल दोन वर्षांत एकदा बदलायचं असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग तापल्यावर उकळते. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं कंपनीतून आली तेव्हाचंच ऑइल असते.

आता वहिनींसाठी, आणि हे तिनंच लिहायला सांगितलं. मागं बसणं म्हणजे नुसतं बसणं नाही. वळणावर गाडी जिकडं झुकते तिकडंच तुम्हीही झुका, भीती वाटते म्हणून उलट्या बाजूला गेल्या की चालवणाऱ्याला गाडी ओढून धरावी लागते. त्याच्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला पाहिलं की अंग आपोआप बरोबर जाते. घाटात एका बाजूनं बसू नका, दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसा, ड्रेस घाला, साडी बॅगेत ठेवा आणि वर जाऊन नेसा. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची दोरी, सगळं आत खोचून घ्या. ओढणी चेनमध्ये किंवा चाकात गेली तर गळ्याला फास बसते, सावरायला वेळच मिळत नाही. साडीगार्ड काढून टाकलेला असेल तर आमच्याकडं लावून घ्या. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावलेलं. मागच्याला कशाला लागते असं म्हणणारे रोज येतात, त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे की पडतानी मागचा माणूसही फेकल्या जातो.

हवेचं थोडक्यात. चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर स्टिकर असते, त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी मागच्या चाकाची हवा वेगळी लिहिलेली असते, दोघांची बरीच जास्त. तीच भरा, टायर थंड असतानी. मागचे शॉकअप एक-दोन खाचे कडक करा. मागं वजन आलं की हेडलाइट वर उठते, समोरच्याच्या डोळ्यात जाते आणि धुक्यात स्वतःलाच पांढरं दिसते, म्हणून लाइट थोडा खाली करून घ्या आणि धुक्यात डिपरवरच, म्हणजे खालच्या लाइटवरच, चालवा. चेन फार टाइट नको, दोघं बसल्यावर ती आणखी ताणल्या जाते, मधोमध अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे.

रस्ता विचाराल तर आमचा आवडता असा आहे. सकाळी परतवाड्यात पोहे खाऊन टाकी फुल करा, घटांगवरून सेमाडोह, तिथं सिपना नदीपाशी थोडं थांबा, मग हरिसाल, आणि दुपारपर्यंत धारणी. धारणीचा बाजार पाहा, कोरकू बाया मोहाची फुलं, चारोळी, रानभाज्या विकतात, बोलीही वेगळीच कानावर पडते. धारणीत मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी परत घटांगला येऊन सलोन्यावरून चिखलदरा. तिथं भीमकुंड आहे, गाविलगड आहे, जो इंग्रजांनी डिसेंबर 1803 मध्ये घेतला, कॉफीची झाडं आहेत, आणि गवळी लोकांचा खवा-रबडी आहे, ती सोडू नका. तिसऱ्या दिवशी धामणगाव गढीवरून खाली. हा उतार जवळचा पण तीव्र, वर लिहिलेलं सगळं इथं कामी येते. हिवाळ्यात आले तर बहिरमची यात्रा असते, रोडगे खाऊन जा. मुक्तागिरीची 52 जैन मंदिरंही त्याच बाजूला, हद्दीपलीकडं मध्य प्रदेशात.

सेमाडोह-हरिसालचा पट्टा व्याघ्र प्रकल्पातून जाते, 1974 पासूनचा आहे हा प्रकल्प. दिवसाउजेडी निघा आणि दिवसाउजेडी पोचा, अंधार पडला की सांबर, रानडुक्कर, गवा कधी आडवा येईल सांगता येत नाही. मध्ये थांबून फोटोसाठी झाडीत उतरू नका, हॉर्न वाजवू नका. मोबाइलची रेंज मध्येच जाते, त्यामुळं निघण्याआधी घरी सांगून ठेवा की किती वाजता कुठं पोचू.

पंक्चरचं सामान, एक क्लच वायर, एक प्लग, प्लगपाना आणि टॉर्च एवढं सोबत घ्या. क्लच वायर कशी टाकायची ते आम्ही दहा मिनिटांत शिकवतो, दोघांनाही, कारण एकाचा हात दुखला तर दुसऱ्याला यायला पाहिजे.

ट्रिपच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन या, सकाळी आठपासून आम्ही असतो, सोमवारी बंद. लायनर, चेन-सॉकेट, हवा, शॉकअप, लाइट, वायर इतकं तपासण्याचे पैसे घेत नाही, काही बदललं तर फक्त त्या सामानाचे. येतानी दोघंही या, एकटे भाऊ नका येऊ, वहिनींना मागं बसवूनच शॉकअप आणि लाइट सेट करावा लागते.