जप्ती असलेलं घर विकताना : नागपुरातल्या घरमालकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

कोर्टाच्या डिक्रीचे, म्हणजे पैसे देण्याच्या हुकूमनाम्याचे, पैसे भरून झाले, समोरच्याने पावतीही दिली, आणि तरी ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली, असं नागपुरात वारंवार होतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पैसे फेडणं आणि घर मोकळं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेड झाल्याची नोंद कोर्टातल्या दरखास्तीत (डिक्रीच्या वसुलीसाठी लावलेल्या अर्जात) व्हावी लागते. जप्ती उठल्याचा आदेश निघावा लागतो. मग तो आदेश नगर भूमापन कार्यालयात पोचून आखीव पत्रिकेवरचा (शहरातल्या जमिनीच्या मालकीच्या उताऱ्यावरचा) जप्तीचा शेरा कमी व्हावा लागतो. यातली एक पायरी राहिली तरी रजिस्ट्री अडकते, आणि राहते ती बहुधा शेवटची.

आधी तपासा : नुसती डिक्री आहे की जप्तीही झाली आहे?

पैशांच्या साध्या डिक्रीने घरावर आपोआप बोजा चढत नाही. डिक्रीदार (ज्याच्या बाजूने डिक्री आहे तो) दरखास्त लावतो आणि कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५४ खाली घर जप्त करतं, तेव्हा हात बांधले जातात. कधी कधी दावा चालू असतानाच, निकालाआधी, आदेश ३८ खाली जप्ती झालेली असते. तसं असेल तर डिक्रीनंतर ती पुन्हा करावी लागत नाही, आधीचीच पुढे चालते.

जप्ती नसेल तर घर विकता येतं. मात्र डिक्री चुकवण्यासाठी घर मेव्हण्याच्या किंवा बायकोच्या नावावर नाममात्र किमतीत करून ठेवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको तो व्यवहार रद्द करून मागू शकतो, आणि मग कोर्टात तुमच्या प्रामाणिकपणावर कोणी विश्वास ठेवत नाही.

जप्ती असेल तर संहितेचं कलम ६४ लागू होतं. जप्तीनंतर केलेली खाजगी विक्री जप्तीखालच्या मागण्यांपुरती निरर्थक ठरते. दस्त नोंदला गेला, मुद्रांक शुल्क भरलं, ताबा दिला, तरी डिक्रीदार तेच घर लिलावात काढू शकतो. दुय्यम निबंधकाने दस्त घेतला याचा अर्थ घर मोकळं आहे असा होत नाही. जप्तीच्या आधी करार झालेला असेल आणि तो नोंदणीकृत असेल, तर कायद्याने सूट दिली आहे. नोटरीकडे केलेली इसारचिठ्ठी इथे कामी येईल या भरवशावर राहू नका.

पत्रिका कोरी असली म्हणजे घर मोकळं, हाही समज सोडा. जप्तीचा आदेश दवंडी देऊन जाहीर होतो, घरावर आणि कोर्टाच्या इमारतीत चिकटवला जातो. तो भूमापन कार्यालयापर्यंत पोचतोच असं नाही. त्यामुळे पत्रिका आणि सूची क्रमांक दोनचा (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा) शोध, दोन्ही स्वच्छ असूनही घर जप्त असू शकतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नागपूर जिल्हा निवडून मालकाच्या नावाने शोध घ्या. नावाची स्पेलिंगं बदलून बघा, वडिलांचं नावही टाकून बघा.

घर बँकेकडे गहाण असेल तर वाट वेगळी आहे. सरफेसी कायद्याच्या (बँकांना कोर्टात न जाता गहाण मालमत्तेतून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर बहुधा कोर्टाची डिक्री नसतेच. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला असतो आणि जप्ती विशेष वसुली अधिकारी नियम १०७ खाली करतो. ती उठवण्याचं पत्र त्याच अधिकाऱ्याकडून घ्यायचं. दिवाणी कोर्टात अर्ज लावून महिने घालवू नका. दाखल्यावरच हरकत असेल तर पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम भरल्याशिवाय तो दाखल करून घेत नाहीत.

जप्ती उठवण्याचा अर्ज कोण करू शकतो

ज्याच्याविरुद्ध डिक्री आहे तो. तो हयात नसेल तर त्याचे वारस. वारसांची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या पगारातून फेडायची सक्ती नसते. घर सामाईक असेल आणि डिक्री एकाच भावावर असेल, तर जप्ती त्याच्या हिश्श्यापुरतीच टिकते. बाकीच्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घ्यायची (पुढचे नियमही याच आदेशातले), आणि ती वेळेत घ्यायची, कारण मुद्दाम उशीर केला असं कोर्टाला वाटलं तर हरकत ऐकूनही घेत नाहीत. शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारी व्यक्ती स्वतः राहत असलेलं घर संहितेच्या कलम ६० खाली मुळात जप्तीतून वगळलेलं आहे. ही हरकत घ्यायला हवी तेव्हा बहुतेक जण गप्प बसतात.

कागदपत्रं, आणि त्यातला न सापडणारा कागद

आधार, पॅन, महापालिकेची करपावती, वीजबिल, मूळ खरेदीखत ही नेहमीची यादी आहे, त्यात कोणी अडत नाही. अडतात ते दरखास्तीच्या नकलेपाशी.

जप्तीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल जवळजवळ कोणाकडेच नसते. घराच्या दारावर चिकटवलेला कागद असतो, तोही अर्धा फाटलेला. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात नक्कल मागायला दरखास्त क्रमांक आणि वर्ष लागतं. ते माहीत नसेल तर पत्रिकेवरच्या शेऱ्यात बघा. तिथे नुसतं ‘कोर्ट जप्ती’ एवढंच लिहिलेलं असेल, तर नगर भूमापन कार्यालयातून त्या फेरफाराची आणि ज्या पत्रावरून तो घेतला त्या पत्राची नक्कल मागा. कोर्टाच्या पत्रावर क्रमांक असतो. खिडकीवर ‘जुना रेकॉर्ड आहे, नंतर या’ असं ऐकू येईल. तोंडी उत्तरावर परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रेकॉर्ड शोधणं हे त्यांचं काम आहे, तुमचं नाही.

मानेवाडा, हुडकेश्वर भागातल्या गुंठेवारीच्या (बिनमंजुरीने लहान तुकडे पाडून विकलेल्या) लेआउटमध्ये आणखी एक घोळ निघतो. तिथे अनेक प्लॉटना स्वतंत्र आखीव पत्रिका नसते. नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) असतं आणि सातबारा अख्ख्या खसऱ्याचा (सर्व्हे क्रमांकाचा) असतो. जप्तीच्या आदेशात मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा जशा लिहिल्या आहेत तशाच आरएलवर आणि खरेदीखतात आहेत का, हे शब्दन् शब्द ताडून बघा. चुकीचा प्लॉट क्रमांक असलेल्या जप्तीचं ‘उठवली’ असं पत्रही चुकीच्याच क्रमांकाचं निघतं, आणि मग कोणतंही कार्यालय ते स्वीकारत नाही. फरक दिसला की आधी कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्या.

प्लॉट सुधार प्रन्यासच्या किंवा नझूलच्या (शहरातल्या सरकारी जमिनीच्या) भाडेपट्ट्याचा असेल तर हस्तांतरणाची परवानगी वेगळी लागते. भुईभाड्याची थकबाकी आत्ताच बघून घ्या. जप्ती उठल्यावर तिथे नव्याने रांग लावावी लागली की ग्राहक निघून जातो.

पैसे कसे भरायचे

आधी रक्कम नक्की करा. डिक्रीवरचा आकडा म्हणजे देणं नव्हे. मुद्दल, दाव्याच्या काळातलं व्याज, डिक्रीनंतरचं व्याज, दाव्याचा खर्च, दरखास्तीचा आणि जप्तीचा खर्च, सगळं त्यात येतं. डिक्रीनंतरचं व्याज साधारणपणे मुद्दलावर वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत असतं, व्यापारी व्यवहारात जास्त असू शकतं. डिक्रीदाराचा हिशोब लेखी मागा आणि स्वतः पडताळा. काही हजार कमी भरले म्हणून जप्ती तशीच राहिल्याची प्रकरणं नेहमीची आहेत.

सुरक्षित मार्ग म्हणजे कोर्टात भरणं. डिमांड ड्राफ्ट कोणाच्या नावे काढायचा ते नाझराच्या (कोर्टातल्या पैशांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात विचारून घ्या. भरल्यावर डिक्रीदाराला नोटीस गेलीच पाहिजे. व्याज थांबतं ते नोटीस बजावल्याच्या तारखेपासून, पैसे भरल्याच्या तारखेपासून नाही. नोटीस पाठवायची राहिली म्हणून महिनोन्महिने व्याज चढत गेलं, हे टाळण्यासारखं नुकसान आहे.

कोर्टाबाहेर दिले तर बँकेतूनच द्या. रोख देऊन साध्या कागदावर सही घेतली आणि डिक्रीदाराने नंतर नाकारलं, तर तुमची बाजू फारच लंगडी होते. शिवाय नियम २ नुसार कोर्टात नोंद न झालेला भरणा दरखास्त चालवणारं कोर्ट विचारातच घेत नाही. डिक्रीदाराने स्वतः पूर्ण वसुलीची पुरसीस (कोर्टात लेखी निवेदन) दिली तर उत्तम. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच अर्ज करायचा असतो, आणि त्याला मुदत फक्त ३० दिवसांची आहे. ही मुदत भरणा केल्याच्या दिवसापासून मोजतात. लोक ती ‘निल’ (काही बाकी नसल्याचा) दाखला मिळाल्यापासून मोजतात आणि तिथेच फसतात. हप्त्यांनी देत असाल तर प्रत्येक हप्त्याची नोंद त्या त्या वेळी करून घ्या.

रक्कम कमी करून तडजोड होणार असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत दरखास्त ठेवा. तडजोडीच्या मसुद्यात ‘जप्ती उठवावी व तसे पत्र नगर भूमापन अधिकाऱ्यास द्यावे’ हे वाक्य घालायला विसरू नका.

घर विकल्याशिवाय पैसेच नसतील तर

ही सर्वांत मोठी अडचण, आणि तिच्यावरचा उपाय कायद्यात आहे. आदेश २१, नियम ८३. घर खाजगी विकून, गहाण ठेवून किंवा भाड्याने देऊन डिक्रीची रक्कम उभी राहू शकते असं कोर्टाला पटवून दिलं, तर कोर्ट लिलाव पुढे ढकलून ठराविक मुदतीचं परवानगीपत्र देऊ शकतं. एरवी कलम ६४ मुळे निरर्थक ठरणारी विक्री या परवानगीने करता येते.

अर्जासोबत ग्राहकाचं लेखी संमतीपत्र, ठरलेली किंमत, रेडी रेकनरप्रमाणे मूल्यांकन आणि ग्राहकाकडे पैसे असल्याचा पुरावा जोडा. ‘ग्राहक शोधत आहोत’ एवढ्यावर परवानगी मिळणं कठीण. विक्रीचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, ते कोर्टात भरावे लागतात. कोर्टाने मंजुरी दिल्याशिवाय विक्री पक्की होत नाही. गहाण किंवा बोजाच्या डिक्रीला हा नियम लागू नाही.

ग्राहक गृहकर्जावर घेणार असेल तर अडचण वाढते. पत्रिकेवर शेरा असताना बँक कर्ज देत नाही, आणि कर्जाशिवाय शेरा निघत नाही. अशा वेळी ग्राहकाने स्वतःच्या रकमेतून निदान डिक्रीएवढे पैसे थेट कोर्टात भरावे आणि उरलेल्यासाठी कर्ज घ्यावं, हाच वाजवी तोडगा. ग्राहकांनी एवढं लक्षात ठेवावं की जप्तीच्या घराचा इसार मालकाच्या हातात द्यायचा नाही, मालक कितीही ओळखीचा असो.

त्याच घरावर दुसऱ्या कोणाची दरखास्त आहे का, हेही बघा. कलम ७३ खाली इतर डिक्रीदारांनाही जमा रकमेत प्रमाणशीर वाटा मागता येतो, आणि तसं झालं तर तुम्ही ज्याच्यासाठी भरले त्याचंच देणं अपुरं राहतं.

लिलावाची तारीख पडली असली तरी बोली पक्की होण्याआधी पूर्ण रक्कम आणि खर्च दिला तर लिलाव थांबतो. लिलाव झाल्यावर तो रद्द करून घ्यायला नियम ८९ उरतो. लिलावाच्या जाहीरनाम्यातली रक्कम अधिक बोलीच्या किमतीच्या ५ टक्के, लिलावापासून ६० दिवसांत भरायचे. हे दिवस लिलावाच्या तारखेपासून धावतात. लिलाव कायम होण्याच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही, आणि कोर्टाला ते वाढवताही येत नाहीत.

जप्ती उठल्यावरचं काम

नियम ५५ प्रमाणे पूर्ण भरणा झाला की जप्ती उठल्याचं धरतात, पण त्याची जाहीर घोषणा ऋणकोने (देणेकऱ्याने) मागितली तरच आणि त्याच्या खर्चाने होते. मागायलाच हवी, हे कोणी सांगत नाही. अर्जात तीन मागण्या स्पष्ट लिहा: जप्ती उठवल्याचा आदेश, त्याची घोषणा, आणि नगर भूमापन अधिकाऱ्याला पत्र. हातोहात पत्र मिळत असेल तर स्वतः नेऊन द्या, टपालावर सोडू नका. एकाच घरावर दोन जप्त्या असतील तर दोन आदेश आणि दोन पत्रं लागतात.

जुन्या शेऱ्यांच्या बाबतीत एक दिलासा आहे. दरखास्त फेटाळताना जप्ती चालू ठेवायची की नाही याबद्दल कोर्टाने काही लिहिलं नसेल, तर नियम ५७ नुसार जप्ती संपली असं मानतात. वीस वर्षांपूर्वीची दरखास्त अशी निकाली निघाली असेल तर पैसे भरायची घाई करू नका. निकाली आदेशाची प्रमाणित नक्कल काढा आणि तिच्या आधारे शेरा कमी करण्याचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात द्या. तिथे कोर्टाचंच पत्र हवं असा आग्रह धरला, तर तो आग्रह लेखी मागा आणि त्यासह कोर्टात अर्ज करा.

फेरफार झाल्यावर नवी पत्रिका काढा आणि जप्तीची नोंद खरोखर कमी झाली आहे का ते स्वतः वाचा. मगच ग्राहकाला रजिस्ट्रीची तारीख द्या.