ऑक्टोपसला सुट्टी

उधाणाची ओहोटी लागली की मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे प्रवाळखडक काही तास उघडे पडतात. वेझो समाजाच्या बायका हातात लांब टोकदार काठी घेऊन त्यांवरून चालत निघतात, नजर खाली. एखाद्या बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं, शिंपल्यांचे तुकडे पडलेले दिसले की समजायचं, आत ऑक्टोपस आहे. जेवण झालं की उष्टं दाराबाहेर टाकायची या प्राण्याची सवय त्याच्याच मुळावर येते.

या शतकाच्या सुरुवातीला इथला ऑक्टोपस परदेशी पाठवण्यासाठी व्यापारी विकत घेऊ लागले. मागणी वाढली, खडकांवरची वर्दळही वाढली. मग २००४ मध्ये आंदावादोआका गावाने ‘ब्लू व्हेंचर्स’ या संस्थेच्या मदतीने एक प्रयोग केला. सगळा समुद्र बंद केला नाही. एकच खडक निवडला आणि तिथे सात महिने ऑक्टोपस पकडायचा नाही असं ठरवलं.

हा प्रयोग जमला त्याचं निम्मं श्रेय ऑक्टोपसच्या शरीरधर्माला द्यायला हवं. या भागात प्रामुख्याने मिळणारी जात जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष जगते. तेवढ्या आयुष्यात अंड्यातून बाहेर पडायचं, तांदळाच्या दाण्याएवढं असताना प्रवाहाबरोबर वाहत जायचं, मग तळाशी बीळ धरायचं आणि काही किलोंचं व्हायचं. त्यामुळे वाढ झपाट्याची; ऐन वाढीच्या काळात वजन काही आठवड्यांत दुप्पट होतं. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, पण हजारोंनी. ती राखत बसते, त्या काळात खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. आज अर्ध्या किलोचा ऑक्टोपस सोडून दिला तर दोन-तीन महिन्यांत तोच कितीतरी भारी होऊन हाती लागतो. मात्र तो दोन वर्षं सोडला तर हाती काहीच नाही, कारण तो जिवंतच नसतो. म्हणून पुढे बहुतेक ठिकाणी बंदी दोन-तीन महिन्यांवर आली.

२००४ ते २०११ या काळातल्या अशा ३६ बंद्यांचा अभ्यास झाला. साधारणपणे गावाच्या मासेमारीच्या क्षेत्राचा चौथा हिस्सा बंद ठेवलेला असे. बंदीआधीच्या तीस दिवसांशी तुलना केली, तर खडक खुला झाल्यावरच्या तीस दिवसांत तिथून निघालेला ऑक्टोपस सुमारे आठपट होता. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो, पण मला दुसरा जास्त विश्वासाचा वाटतो: एका माणसाला एका दिवसात मिळणारा माल ८७ टक्क्यांनी वाढला. पहिल्या आकड्यात खडक खुला झाल्यावर लोटलेली गर्दीही मोजली गेली आहे, दुसऱ्यात नाही. बंदीच्या काळात गावाची कमाईही फारशी घटली नाही, कारण लोक बाकीच्या तीन हिश्श्यांत पकडत होते.

गर्दी हा मात्र खरा त्रास होता. खडक खुला करायचा दिवस उधाणाची ओहोटी बघून ठरतो. बातमी पसरते, शेजारच्या गावांतूनही माणसं येतात आणि महिने राखलेलं काही दिवसांत संपतं. शिवाय इतक्या पायांखाली प्रवाळ मोडतं ते वेगळंच. एका गावाने थांबून भागत नाही हे त्यातून कळलं. २००६ मध्ये आसपासच्या वीसहून अधिक गावांनी मिळून ‘वेलोन्द्रियाके’ हे गावांनीच राखायचं सागरी क्षेत्र उभं केलं. नियम मोडणाऱ्याला ‘दीना’ या पारंपरिक गावकायद्याने दंड होतो. काही खडक कायमचेच बंद आहेत. ऑक्टोपसने थांबण्याचा मोबदला लवकर दिला नसता, तर कायमच्या बंदीला गावं तयार झाली असती असं मला वाटत नाही.

कारण मासे इतके तत्पर नसतात. मोठे भक्षक मासे वयात यायलाच काही वर्षं घेतात, आणि खरी फलप्राप्ती ते म्हातारे झाल्यावर होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिक कॉड माशाचा हिशेब मांडलेला आहे: तीस किलोची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढी द्यायला दोन किलोच्या २८ माद्या लागतात. म्हणजे छप्पन्न किलो छोटे मासे मिळून तीस किलोच्या एकटीची बरोबरी करतात. जाळ्यात आधी उचलली जाते ती नेमकी तीच.

अशा माशांसाठी वर्षानुवर्षं कळ काढावी लागते, आणि तिथे प्रश्न जीवशास्त्राचा राहत नाही. फिलिपिन्समधली सुमिलोन आणि आपो ही दोन छोटी बेटं यासाठी पाहण्यासारखी आहेत. दोन्हीकडे सिलिमान विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांचा पुढाकार होता. सुमिलोनमध्ये १९७४ मध्ये प्रवाळखडकाचा काही भाग राखीव झाला, मासे वाढले. पण १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरलं, राखीव भागात जाळी पडली आणि दीडेक वर्षात आजूबाजूच्या मच्छीमारांना मिळणारी मासळी जवळपास निम्म्यावर आली. वाढलेले मासे राखीव भागाबाहेर जाऊन जाळ्यांत येत होते, हे ते यायचे थांबल्यावर कळलं. आपो बेटावर १९८२ पासून किनाऱ्याचा लहानसा पट्टा बेटावरच्या लोकांनीच राखला. तिथली भक्षक मासळी दशकभरानंतरही वाढतच राहिली. माणसं वस्तीला तिथेच असल्यामुळे पहारा घराच्या दारातून देता येत होता.

पण गावकऱ्यांच्या पहाऱ्याने तापलेलं पाणी थोपवता येत नाही. उष्णतेने प्रवाळ पांढरं पडायला लागलं की राखीव आणि खुला हा भेद राहत नाही.

फिजीतल्या उथुनिवानुआ गावात १९९७ मध्ये २४ हेक्टर चिखलपट्टी आणि समुद्री गवताचा भाग तीन वर्षांसाठी बंद झाला. तिथे दोरी ताणून शिंपल्या मोजायचं काम शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांनाच शिकवलं. २००४ पर्यंत बंद भागात शिंपल्या तेरापट झाल्या आणि शेजारच्या खुल्या भागात पाचपट. बाहेरच्या तज्ज्ञाने आकडे आणून दाखवले असते तर ते बहुधा कागदावरच राहिले असते. इथे मोजणारेही तेच, खाणारेही तेच. तीन वर्षांची मुदत संपली, पण गावाने ती पट्टी उघडली नाही.