गोणीवरचे २० टक्के आणि रेड्याचे वजन

भिवंडी-कल्याणकडच्या तबेल्यांत गोळीपेंडीच्या (गोळ्यांच्या रूपातल्या तयार पशुखाद्याच्या) गोणीवरचा एक आकडा हमखास पाहिला जातो : प्रथिने २० टक्के की २२? हे आकडे भारतीय मानकातले. आपल्याकडे गोळीपेंड वाढली ती दुधाच्या धंद्याबरोबर, त्यामुळे मांसासाठी रेडा पोसणाराही तोच आकडा धरून चालतो. मुळात तो आकडा मोजतो काय?

प्रथिने नव्हे, नायट्रोजन. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची सोपी रीत काढली. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या उत्तराला ६.२५ ने गुणायचे. याच हिशोबाने युरियात २८७ टक्के 'प्रथिने' निघतात! हसू येते खरे, पण रवंथ करणाऱ्या जनावराबाबत ते अगदीच खोटे नाही. कोठीपोटातले (जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जंतू युरियातल्या नायट्रोजनवर वाढतात आणि पुढे जनावर त्या जंतूंनाच पचवते. फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्तानेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की प्रथिनांशिवायच्या, युरिया घातलेल्या खाद्यावरही गाय दूध देते.

वजनवाढीचा खरा अभ्यास झाला अमेरिकेच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे मांसासाठी जनावरे दावणीवर पोसणाऱ्या मोठ्या गोठ्यांत. कत्तलीआधीचे काही महिने मक्यावर पोसलेल्या बैलांना साधारण १३ टक्क्यांच्या वर प्रथिने देऊन वजनात फारसा फरक पडत नाही, असे दिसत गेले. कारण सरळ आहे. शेवटी शेवटी अंगावर मांसापेक्षा चरबी जास्त चढते, आणि चरबीला प्रथिने लागत नाहीत. उरलेला नायट्रोजन यकृतात युरिया होऊन मुतावाटे जातो आणि त्याचा अमोनिया होतो. तबेल्यात डोळे चुरचुरतात ते यामुळेच. पेंडीचे पैसे हवेत गेले म्हणायचे. उलट फार कपात केली तर जंतूच उपाशी राहतात. म्हणून १९९६ च्या अमेरिकी शिफारशींनी एकूण प्रथिनांऐवजी आतड्यातून प्रत्यक्ष शोषली जाणारी प्रथिने धरली.

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली, २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. त्यामुळे इथला प्रश्न रेड्यांपुरता उरतो. न्हावा-शेवा बंदरातून म्हशीच्या मांसाचे कंटेनर रवाना होतात, पण तबेल्यातल्या नर पारडाकडे आजवर दूध पिणारे ओझे म्हणूनच पाहिले गेले. त्याला पोसण्याचे शास्त्र इथे रुजणार कसे?

अमेरिकेचे १३ टक्के इथे उचलून आणण्यातही अर्थ नाही. तिथे दावणीत धान्य, इथे मुरबाड-शहापूरकडे भाताचा पेंढा. त्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के, आणि एकूण खाद्यात ती ७ टक्क्यांच्या खाली गेली की जंतू थंडावतात, जनावर पेंढाही कमी खाते. अशा रेड्याला सरकी पेंडीचा पहिला किलो जेवढा लागू पडतो, तेवढा तिसरा पडत नाही.