नगरपरिषदेची विषयपत्रिका (कोकण किनारपट्टी)

नगरपरिषदेच्या सभेत कोणत्या विषयांवर चर्चा होऊन ठराव व्हायचे, त्यांची क्रमवार यादी म्हणजे विषयपत्रिका. बोलण्यात तिला सर्रास ‘अजेंडा’ म्हणतात. सभेच्या नोटिशीसोबत ती नगरसेवकाच्या घरी पोहोचते. सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेसाठी पूर्ण तीन दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रचारात दिलेला पाण्याचा, कचऱ्याचा किंवा भाजी मंडईचा शब्द या कागदावर विषय क्रमांक होऊन उतरला, तरच त्याला सभागृहात प्रवेश मिळतो. म्हणून नव्या नगराध्यक्षांचे धोरण समजून घ्यायचे, तर त्यांच्या सत्काराच्या भाषणापेक्षा पहिल्या दोन-तीन सभांच्या विषयपत्रिका वाचाव्यात.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत महानगरपालिका एकच, पनवेलची. ती २०१६ साली झाली. तिथे महापौर असतात. हा शब्द सावरकरांनी रूढ केला असे मानले जाते, आणि त्यांचे भाषाशुद्धीचे बरेचसे काम रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतले आहे. बाकी शहरांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने चालतो आणि त्यांचे प्रमुख नगराध्यक्ष असतात. शहरे लहान आहेत: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती, वेंगुर्ल्याची १२ हजारांच्या आसपास. नगराध्यक्ष कोणी निवडायचा, हा नियम मात्र सारखा बदलत आला. कधी थेट जनतेने, कधी नगरसेवकांनी. २०१६ ला थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षांपुढे पुष्कळदा विरोधी बहुमताचे सभागृह असते. मग विषयपत्रिका त्यांची आणि मते दुसऱ्यांची, अशी स्थिती होते. मते समसमान पडली, तर अध्यक्षांचे निर्णायक मत कामी येते.

एखादा विषय सभेपुढे येण्याआधी संबंधित खाते त्यावर टिपणी तयार करते आणि ती मुख्याधिकाऱ्यांमार्फत (नगरपरिषदेच्या प्रशासनाचे प्रमुख) येते. सभेची सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याने होते. मग एकेका विषयाला सूचक, अनुमोदक आणि ठराव. शेवटी ‘ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’. या शेवटच्या ओळीकडे नागरिकांनी नीट लक्ष द्यावे. आधी टिपणी न वाचता, उशिराच्या घाईत मंजूर झालेला खर्चाचा विषय शहराला वर्षानुवर्षे पुरतो. ठराव झाला म्हणजे काम झाले असेही नाही. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा ही पुढची वाट असतेच. उपविधी (नगरपरिषदेचे स्वतःचे नियम) केले, तर तेही वरच्या मंजुरीखेरीज लागू होत नाहीत. शिवाय कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात.

ठराव आणि अंमलबजावणी यांतल्या अंतराची सर्वांत मोठी कहाणी याच किनारपट्टीजवळच्या महाडची आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून आपल्या अखत्यारीतले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे अध्यक्ष यात आघाडीवर होते. पण तीन वर्षे तो ठराव दप्तरातच राहिला. तळ्यावर अस्पृश्यांपैकी कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्याकडे चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा नगरपालिकेचा तो कागद पहिल्यांदा खरा झाला. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. नगरपालिकेच्या सभेत हात वर करण्याचे मोल काय असते, हे नव्या नगरसेवकाला शिकवायचे असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते यापेक्षा चांगला धडा नाही. एका हाताने तळे खुले झाले आणि त्याच हाताने बंदही झाले.

आजच्या विषयपत्रिकांवर कोकणच्या ऋतूंची छाप स्पष्ट दिसते. फेब्रुवारीत अंदाजपत्रक. मार्चपासून पाणीटंचाई: वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीतही उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या शीळ धरणाच्या पातळीकडे डोळे लागतात, कारण पडलेले पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळते. मे महिन्यात नालेसफाई, धोकादायक झाडे, दरडीखालची घरे. भाद्रपदात चाकरमानी येण्याआधी खड्डे बुजवणे आणि विसर्जन घाटांवरचे दिवे. दिवाळीनंतर पर्यटकांची वाहने कुठे लावायची, हा प्रश्न मालवण-अलिबागसारख्या ठिकाणी ठरलेलाच. कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ल्याचे उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. घरातच वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचा रस्त्याच्या कामात वापर, अशी साखळी उभारून या लहानशा नगरपरिषदेने जुन्या कचरा डेपोचे रूप पालटले. पैशाची कमतरता हे लहान शहरांचे नेहमीचे उत्तर असते. वेंगुर्ल्याने त्यातूनही वाट काढली.

पुष्कळ विषय मात्र नगरपरिषदेच्या हाताबाहेरचे असतात आणि तरीही लोक त्यांचा जाब नगरसेवकालाच विचारतात. बंदराची जागा सागरी मंडळाची, महामार्ग केंद्राचा, किनाऱ्यालगतचे बांधकाम सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत अडकलेले. शहराचा विकास आराखडा नगरपरिषद करते, पण अंतिम मंजुरी शासनाची. अशा वेळी शिफारशीचा ठराव करून पाठवणे एवढेच सभागृहाच्या हाती उरते. मात्र तो नेमका असेल आणि पाठपुरावा झाला, तर त्याचा उपयोग होतो. चिपळूणचा पूर हे याचे ताजे उदाहरण. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि व्यापाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी चिखलात गेली. त्यानंतर नदीतला गाळ काढावा, या मागणीसाठी नागरिकांना उपोषणाला बसावे लागले. पाटबंधारे खात्याने पुराची हद्द दाखवण्यासाठी आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषांमुळे शहराच्या जुन्या वस्तीत बांधकाम परवानगीचा प्रश्न उभा राहिला. गाळ आणि पूररेषा हे दोन विषय वर्षभर प्रत्येक सभेत यायला हवे होते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कोकणातल्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत संपली.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. या काळातही ठराव होत राहिले, पण ते प्रशासकीय ठराव होते: सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधात बोलणारा कोणी नाही. २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, २१ डिसेंबरला निकाल लागले आणि सभागृहे पुन्हा भरली. सुरुवातीच्या सभांत उपनगराध्यक्षांची निवड, स्वीकृत (नामनियुक्त) सदस्य, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या, हे क्रमाने उरकले जाते. त्यात चुरस असते आणि बातम्याही त्याच्याच होतात. त्यापुढच्या विषयपत्रिकेत मात्र एक विषय नगराध्यक्षांनी आवर्जून घ्यावा: प्रशासकीय काळातले सर्व ठराव सभागृहासमोर वाचणे, आणि त्यांतले कोणते काम पुरे झाले, कोणते अर्धवट आहे, कोणत्या कामाचे पैसे दिले गेले, याची टिपणी मुख्याधिकाऱ्यांकडून मागवणे. याला वेगळा निधी लागत नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही.