एचपी-५ आणि एक्सपी-२: दोन्ही ४००, पण लॅब एक नाही

पुण्या-मुंबईहून कामासाठी इंदुरात येणारी मित्रमंडळी बॅगेत ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे रोल टाकून आणतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "एचपी-५ मिळाला नाही, एक्सपी-२ घेतला. एकच ना?" नाही हो. दोन्ही इलफर्ड कंपनीचे, दोन्ही ४०० आयएसओ (फिल्मची उजेडाला संवेदनशीलता), आणि साम्य जवळजवळ तिथेच संपतं.

एचपी-५ प्लस तुम्हाला पाठच आहे: आयडी-११ हा डेव्हलपर, २० अंश, साडेसात मिनिटं, मग डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा फिक्सर. पुढे चला. ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, एक्सपी-२ चा बारीक, त्यावर वाद नको.

खरी गोची रसायनात आहे. एचपी-५ च्या निगेटिव्हवर जे काळं दिसतं ती चांदी. एक्सपी-२ सुपरमध्ये रंगीत फिल्मसारखे कपलर, म्हणजे रंगद्रव्य बनवणारी रसायनं, असतात. डेव्हलपरमध्ये चांदी उमटते तिथेच रंगद्रव्यही तयार होतं, मग ब्लीच-फिक्समध्ये चांदी निघून जाते आणि चित्र रंगद्रव्याचं उरतं. म्हणून तो रंगीत रोलच्याच सी-४१ प्रोसेसमध्ये धुतात: ३८ अंश, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं.

आता मीटिंगच्या घाईत एचपी-५ रंगीत लॅबच्या काउंटरवर ठेवलात तर? डेव्हलपर चित्र नीट उभं करतो. ब्लीच त्या चांदीचं पुन्हा हॅलाइड, म्हणजे चांदीचा क्षार, करतं, फिक्सर ते विरघळवतो. कपलर नाहीत, त्यामुळे मागे रंगद्रव्यही नाही. हातात कोरी पारदर्शक पट्टी येते आणि त्यावर काही उपाय नाही. एक्सपी-२ चुकून आयडी-११ मध्ये गेला तर निदान चांदीचं चित्र तरी मिळतं. तेव्हा काउंटरवर नुसतं "ब्लॅक अँड व्हाइट आहे" म्हणू नका. एक्सपी-२ च्या कॅसेटवर सी-४१ छापलेलं असतं, त्यावर बोट ठेवून दाखवा.

"एक्सपी-२ खरा ब्लॅक अँड व्हाइट नाही" म्हणणाऱ्यांचा मात्र मला वैताग येतो. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ याच इंदुरात फोटोग्राफीकडे वळले आणि काचेच्या प्लेटांवर काम करत राहिले. जुनं तेवढंच खरं मानलं तर त्या हिशेबाने आपला एचपी-५ सुद्धा लबाडीच. दुपारच्या उन्हात राजवाड्याचे खालचे दगडी मजले, वरचे काळपट लाकडी आणि मागे पांढरं आभाळ, असं एका फ्रेममध्ये घ्यायचं तर एक्सपी-२ च. त्याला एखादा स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. आभाळ टिकतं आणि ग्रेन आणखी बारीक होतो. चांदीच्या फिल्मचं उलट होतं. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाईही एक्सपी-२ वर चालते. एचपी-५ वर नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते.

पण कामाच्या दौऱ्यात दुपार तुमची नसतेच. मोकळीक मिळते ती रात्री, सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद होऊन भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीचे ठेले लागतात तेव्हा. तिथे माझं मत पक्कं आहे: एचपी-५, मीटर १६०० वर, म्हणजे फिल्म चौपट संवेदनशील आहे असं मानून. एफ/२, एक-साठांश सेकंद. कढईवरच्या दिव्यात जिलेबी सोडणारा हात आणि तुपाची वाफ मिळते, सावल्या बुडतात तर बुडू द्या. कमी उजेडाची भरपाई म्हणून आयडी-११ मध्ये मग साडेसातऐवजी १४ मिनिटं द्यायची. एक्सपी-२ ला ही मुभा नाही, लॅबचं मशीन सगळ्यांना सव्वातीनच मिनिटं देणार. कॅमेऱ्यातून काढल्या काढल्या कॅसेटवर मार्करने १६०० लिहा आणि तो रोल घरीच धुवा.