दुरुस्त जबडा आणि जुळवलेला जबडा

‘मोरोक्कोचा मोसासॉरचा जबडा, सहा दात, १०० टक्के ओरिजिनल.’ सागरी सरीसृपांचे जीवाश्म विकत घेऊ पाहणाऱ्याला ही ओळ हरघडी भेटते. त्यावर खरेदीदार ठरलेला प्रश्न विचारतो: दात खरे आहेत ना? विक्रेता ‘हो’ म्हणतो, आणि ते खोटं नसतं. दात खरेच असतात. फक्त ते सहा दात सहा वेगळ्या प्राण्यांचे असतात, खालचं हाड सातव्याचं असतं, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा ‘खडक’ म्हणजे डिंकात कालवलेली वाळू असते.

नकली माल ओळखणं बहुतेकांना जमतं, म्हणून त्यावर फार शब्द खर्चत नाही. रेझिनचा ओतीव दात हाताला हलका आणि कोमट लागतो, भिंगाखाली बुडबुड्यांची छिद्रं दिसतात, साच्याची शिवण दिसते. मोसासॉर डायनासोर नव्हता, सरडे-घोरपडी-सापांच्या गोतावळ्यातला होता, हेही एव्हाना पाठ असायला हवं. प्लेसिओसॉर आणि इक्थिओसॉर हे दुसरे सागरी सरीसृपही डायनासोर नव्हेत. ‘समुद्री डायनासोर’ असं लेबल दिसलं की तिथल्या बाकीच्या माहितीवरही भरवसा ठेवू नये.

घोळ होतो तो पुढच्या जोडीत. रिपेअर आणि रिस्टोरेशन म्हणजे दुरुस्ती, आणि कंपोझिट म्हणजे जुळवाजुळव. हे तिन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्याचा फायदा नेहमी विकणाऱ्याला मिळतो.

दुरुस्तीत लाज वाटण्यासारखं काही नाही. कोट्यवधी वर्षं दबलेलं हाड जमिनीतून निघताना तुटतं, त्याचे तुकडे पुन्हा चिकटवावे लागतात. हे झालं रिपेअर. एखादा कपचा हरवलेला असेल तर तिथे इपॉक्सी किंवा प्लास्टर भरून रंग देतात, ते रिस्टोरेशन. भर किती आणि कुठे, एवढं लिहून दिलं की व्यवहार स्वच्छ. मोठं हाड आणि एकही सांधा नाही, असं कुणी सांगत असेल तर उलट तेव्हाच जास्त बारकाईने पाहावं.

कंपोझिट ही वेगळीच गोष्ट आहे. दुरुस्तीत एका प्राण्याचे तुकडे त्याच प्राण्याला परत जोडले जातात. जुळवाजुळवीत जे कधी एकत्र नव्हतं ते एकत्र आणलं जातं. दोन्हीकडे डिंक आहे आणि दोन्हीकडे खरं हाड आहे, म्हणूनच ‘खरा आहे का’ या प्रश्नाने काहीच निष्पन्न होत नाही. ‘हे सगळं एकाच प्राण्याचं आहे का, आणि जमिनीत असंच सापडलं का?’ हे विचारायला हवं.

असे जबडे मोरोक्कोतूनच इतके का येतात? खूरिब्गाच्या आसपास, उलाद अब्दून खोऱ्यात, फॉस्फेटच्या प्रचंड खाणी आहेत. तिथल्या सर्वांत खालच्या थरांत क्रिटेशस काळाच्या शेवटच्या टप्प्यातले, म्हणजे सुमारे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मोसासॉर सापडतात. मोसासॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, त्यामुळे सुटे दात तिथे अमाप आहेत आणि एकेका दाताला फार भाव नाही. ते एका हाडावर ओळीने बसवले की भाव कित्येक पटींनी चढतो. कच्चा माल जागेवरच मिळतो: सुटे दात, हाडांचे निनावी तुकडे, चाळलेली फॉस्फेट वाळू आणि पांढरा डिंक.

आता जबडा प्रत्यक्ष कसा वाचायचा ते पाहू. आधी मोसासॉरचा दात जबड्यात कसा बसतो ते डोक्यात पक्कं हवं. वर दिसतो तो एनॅमलचा मुकुट. त्याच्याखाली हाडासारखं, फुगीर, मुकुटाइतकं किंवा त्याहून मोठं मूळ असतं, आणि ते जबड्याच्या खाचेत घट्ट जडलेलं असतं. नवा दात जुन्याच्या बुडाशी, जिभेकडच्या अंगाला खळगा पाडत वर येतो. त्यामुळे अस्सल जबड्यात सगळे दात एका वयाचे नसतात. एक पूर्ण वाढलेला, शेजारचा अर्धा वर आलेला, एक खाच रिकामी, एखाद्या मुळाला खळगा आणि त्यात नव्या दाताचं टोक, अशी ती ओळ असते. सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावरचे, एकही खळगा नसलेले सहा सुबक दात दिसले की समजावं, ही ओळ माणसाने लावली आहे.

मग मुळं बघा. मुकुट थेट वाळूत रोवलेला दिसतो का? हाड आणि मुकुट यांच्यामध्ये मूळ दिसतच नाही, नुसता वाळूचा गळपट्टा आहे? मूळ वाळूत झाकलंय, असं उत्तर मिळतं. एका दाताचं झाकलं असेल, सहाही दातांची मुळं नेमकी झाकलेली नसतात.

मग दिशा. जबड्याच्या मधल्या भागातल्या दाताला दोन धारा असतात, एक पुढच्या आणि एक मागच्या बाजूला. टोक मागे, घशाकडे झुकलेलं असतं. जुळवणारा घाईत एखादा दात उलटा बसवतो, आणि त्याचं टोक नाकाकडे झुकतं किंवा धार बाहेरच्या अंगाला येते. मोसासॉरांपैकी मोसासॉरस या जातीच्या दातात बाहेरची बाजू सपाटसर आणि आतली फुगीर असते, तिथेही अदलाबदल सापडते. याच ओघात जाती तपासाव्यात. प्रोग्नाथोडॉन या दुसऱ्या मोसासॉरचा जाडजूड, बोथट शंकूसारखा दात आणि त्याच्याशेजारी बारीक, चपटा, धारदार दात एकाच ओळीत आले असतील तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

शेवटी खालचं हाड. खालच्या जबड्याच्या बाहेरच्या अंगावर नसा आणि रक्तवाहिन्यांसाठी छोट्या छिद्रांची रांग असते, आणि हाडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. जुळवलेल्या तुकड्यात बरगडीचा किंवा मणक्याचा अवशेष जबडा म्हणून खपवलेला असतो. त्यात ना छिद्रं, ना दातांच्या खाचा. तुकड्याचं कापलेलं टोक पाहायला मागा. अस्सल हाडात आतली जाळी दिसते, बनावटीत गाभ्यापर्यंत वाळूच निघते.

एवढं डोळ्यांनी आणि १० पट भिंगाने होतं. यापुढची साधनं कामाची आहेत, पण लोक त्यांचा अर्थ चुकीचा लावतात. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात मारला की बरेचसे डिंक आणि इपॉक्सी निळसर-पांढरे चमकतात, आणि हाड, एनॅमल नि वाळू त्यांच्यापासून वेगळी दिसतात. चमक दिसली की ‘नकली!’ म्हणून ओरडा होतो. तसं नसतं. चमक फक्त डिंक कुठे आहे ते सांगते, आणि डिंक दुरुस्तीतही असतोच. चमकणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे पाहायला हवं. हाडाचे तंतू, रंगाचे पट्टे, एनॅमलमधल्या केसासारख्या भेगा रेषेच्या अलीकडून पलीकडे सलग जात असतील आणि दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसत असतील, तर ती दुरुस्ती. चमक मुकुटाभोवती बांगडीसारखी पूर्ण फिरत असेल आणि तिच्या वर-खाली काहीच जुळत नसेल, तर ती जुळवाजुळव.

ॲसिटोनचंही तेच. कापसाच्या बोळ्याने झाकलेल्या कोपऱ्यात लावलं तर पॅरालॉइड बी-७२ सारखं हाड पक्कं करणारं द्रव्यही विरघळतं, आणि ते तर संग्रहालयातले तज्ज्ञही वापरतात. मात्र बोळ्यावर तपकिरी रंग उतरला आणि खालून पांढरी भर उघडी पडली, तर ती भर विक्रेत्याने सांगितली होती का, ते पडताळा. वाळूवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. मूळ फॉस्फेट वाळू तो शोषून घेते आणि बोटाने भुसभुशीत होते. पांढऱ्या डिंकात कालवलेली वाळू थेंब वर धरून ठेवते, नंतर दुधाळ आणि रबरासारखी होते. महागाचा तुकडा असेल तर एक्स-रे काढून घ्यावा, मुकुटाखाली मूळ आहे की नाही ते त्यात लगेच दिसतं.

सुट्या दाताच्या बाबतीतही हा प्रकार चालतो, तिकडे दुर्लक्ष होतं. ‘मुळासकट दात’ म्हणून विकला जाणारा नग पुष्कळदा एकाचा मुकुट आणि दुसऱ्याचं मूळ असतो. मुकुटाच्या बुडाचा घेर आणि मुळाच्या तोंडाचा घेर जुळत नाही, मग मधला फरक वाळूच्या लेपाने झाकतात. लेपाचं कडं पूर्ण गोल फिरत असेल तर असा दात घेऊच नये. बिनमुळाचा स्वच्छ मुकुट केव्हाही बरा.

हे सगळं फक्त स्वस्त मालाचं दुखणं आहे असं समजू नका. १९९९ मध्ये ‘आर्किओरॅप्टर’ हा डायनासोर आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून जगभर गाजला. चीनमधल्या लिआओनिंगहून आलेली ती शिळा होती. सीटी स्कॅन आणि पुढच्या अभ्यासातून कळलं, की पुढचा भाग यानॉर्निस या पक्ष्याचा आणि शेपूट मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनासोरचं होतं. हाडं खरी होती. दोन्ही प्राणी आपापल्या जागी मोलाचे होते. खोटं होतं ते त्यांचं एकत्र असणं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण कंपोझिट म्हणजे फसवणूक असं समीकरणही चुकीचंच आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पोचमपल्लीजवळ सापडलेला बारापासॉरस हा डायनासोर घ्या. सुमारे ३०० हाडं मिळाली, ती निदान सहा प्राण्यांची होती, आणि त्यांतून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एक सांगाडा उभा आहे. तो जुळवलेला आहे हे उघड आहे, म्हणून त्यात कुणाची फसवणूक नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये झुरिचला लिलाव झालेल्या टी. रेक्सचं तर नावच ‘ट्रिनिटी’ ठेवलं होतं, कारण त्यात तीन प्राण्यांची हाडं होती. बोली ४८ लाख स्विस फ्रँकवर थांबली. ‘स्टॅन’ हा टी. रेक्सचाच, पण एकाच प्राण्याचा सांगाडा २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला होता. किमतींतल्या या दरीला इतरही कारणं असतील, पण ‘एक की अनेक’ हे त्यातलं मोठं कारण आहे. २०२२ मध्ये हाँगकाँगला ‘शेन’ नावाच्या टी. रेक्सचा लिलाव ऐन वेळी मागे घ्यावा लागला, तो त्यातल्या काही हाडांच्या प्रतिकृती स्टॅनवरून घेतलेल्या आहेत असा प्रश्न उभा राहिल्यावर.

विज्ञानालाही हा फरक इतका का महत्त्वाचा, ते चंद्रपूर जिल्ह्यात दिसतं. तिथल्या लामेटा नावाच्या खडकाच्या थरांत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची हाडं पूर्वीपासून सापडत आली आहेत, पण विखुरलेली. कुठलं हाड कुणाचं, याचा वाद मिटत नाही. डोंगरगावला मात्र एकाच प्राण्याचा अर्धवट सांगाडा एकत्र मिळाला. तो १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टाय या नावाने प्रसिद्ध झाला आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं. टायटॅनोसॉरस हे जुनं नाव ज्या सुट्या मणक्यांवर उभं होतं, ते त्याच वेळी निरुपयोगी ठरलं. एकत्र सापडलेल्या हाडांवर नाव टिकतं, सुट्यांवर डळमळतं. म्हणून अशा गावांत जमिनीवर हाड दिसलं तर उचलू नये. ठिकाणाची नोंद आणि फोटो घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं.

विकत घेताना पाच फोटो मागा: बाहेरची बाजू, जिभेकडची बाजू, वरून दातांची ओळ, कापलेलं टोक, आणि अंधारातला अतिनील टॉर्चखालचा. जो फक्त बाहेरच्या बाजूचा देखणा फोटो पाठवतो त्याच्याकडून घेऊ नये. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: सांधे किती, भर किती टक्के आणि कुठे, आणि दात याच हाडातले आहेत की नाहीत. ‘म्युझियम क्वालिटी’ला काही अर्थ नाही, तो शब्द बिलावर चालवून घेऊ नका. मोरोक्कोच्या मालासाठी निर्यात परवाना मागा. चीन, मंगोलिया आणि ब्राझीलमधून जीवाश्म खासगी विक्रीसाठी बाहेर काढणं बेकायदा आहे. त्यामुळे ‘गुइझोचा किचोसॉरस’ (चीनमधला छोटा सागरी सरीसृप) किंवा ‘गोबीचा टार्बोसॉरस’ (मंगोलियातला डायनासोर) कितीही अस्सल असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

जुळवलेला जबडा आवडला म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण भाव सुट्या दातांच्या बेरजेचाच द्या. जो आधीच घरात आहे त्याची चिठ्ठी बदला: ‘मोसासॉरचे सुटे दात, एकाहून अधिक प्राण्यांचे, कृत्रिम आधारावर बसवलेले; खूरिब्गा, मोरोक्को; क्रिटेशसचा अंत्य टप्पा.’ दात सोडवायचे असतील तर अख्खा तुकडा पाण्यात बुडवू नका, आतलं हाड विरघळल्यासारखं फुटतं. मुकुटाभोवतीची वाळू थोडी-थोडी ओली करत, मऊ ब्रश आणि लाकडी काडीने एकेक दात मोकळा करा, आणि सावलीत आठवडाभर वाळल्याशिवाय डबीत ठेवू नका.